विहिरीतून कण्यापर्यंत

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडता पडता नांदगाव पेठ येते. एका अंगाला एमआयडीसी आणि टेक्स्टाईल पार्क, पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आणि या सगळ्याच्या खाली तीच जुनी काळी कपाशीची जमीन. काळ्या मातीखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. इथे उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर भातकुली, दर्यापूर करत पूर्णेचा खारपाणपट्टा सुरू होतो, तो अकोल्यावरून बुलढाण्यापर्यंत जातो. आग्नेयेकडे वळले तर यवतमाळ ओलांडून पांढरकवडा लागतो आणि तिथून पुढे चंद्रपूर. या तिन्ही ठिकाणांची जमीन वेगळी, म्हणून विहिरीचे पाणीही वेगळे. पाणी वेगळे, म्हणून माणसांची हाडेही थोडी वेगळी. हे शेवटचे वाक्य आज मी सहज लिहितो आहे. ते सिद्ध करायला बैलांचे पाय, मुलांचे दात, डेन्मार्कचे कामगार आणि मद्रासच्या एका प्रयोगशाळेची काही वर्षे खर्ची पडली.

पाठ आखडण्याचे दुखणे आपल्याकडे नवे नाही. 'कंबर धरली', 'वात आहे', 'उमर झाली आता' एवढ्यावर ते निभावून नेले जाते. पण काही माणसांची पाठ आखडते आणि मग सुटतच नाही. आधी कंबर, मग पाठ, मग मान. देवळात वाकून नमस्कार करता येत नाही, पंगतीत मांडी घालून ताटापर्यंत हात पोचत नाही. मागून कुणी हाक मारली तर मान वळत नाही, पायांसकट सगळा माणूस वळतो. शेवटी बरगड्याही कण्याशी जखडतात. मग श्वास घेताना छाती हलत नाही, नुसते पोट वर-खाली होते. डोके मात्र शेवटपर्यंत ठिकाणावर असते, आणि माझ्या मते या रोगाचे सगळ्यात क्रूर अंग तेच आहे.

आत काय होते ते थोडक्यात सांगतो. मणक्यांची उतरंड जागच्या जागी धरून ठेवायला चिवट पट्ट्या असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. एक लांब पट्टी मणक्यांच्या पुढून जाते, एक मागून, आणि दोन मणक्यांच्या कमानींमध्ये पिवळसर लवचीक पट्ट्या असतात. या सगळ्या मऊ राहतात म्हणून आपण वाकतो. त्यांत हाड धरू लागले की कणा एकसंध खांब होतो. मागच्या बाजूचे हाड आत वाढले तर मज्जारज्जूलाच चेपते. हातापायांना मुंग्या येतात, चाल लडबडते, आणि पुढे पाय लुळे पडतात.

असे का होते याची उत्तरे एकाहून अधिक आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. पण आपल्या देशात या दुखण्याची जी मोठी कहाणी घडली ती पाण्याची आहे, आणि तिची सुरुवात माणसापासून झाली नाही, गुरांपासून झाली.

१९३०नंतरच्या वर्षांत मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या लक्षात आले की त्यांचे बैल अकाली निकामी होत आहेत. सांधे ताठर, पाय उचलवत नाहीत, नांगराला जुंपायची सोय नाही. त्याच सुमारास, १९३४ साली, निजामाच्या हैदराबाद संस्थानात महाजन नावाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने गुरांतल्या अशाच रोगाची नोंद केली. कागदोपत्री वऱ्हाडावरही तेव्हा निजामाचीच मालकी होती, कारभार फक्त इंग्रजांचा. बैल हे शेतकऱ्याचे भांडवल, म्हणून बैलाचे लंगडणे सरकारी अहवालात शिरले. त्याच गावातला, त्याच विहिरीचे पाणी पिणारा, त्याच बैलासारखा ताठ झालेला म्हातारा मात्र कुठल्याही अहवालात नव्हता. त्याला आणखी तीन वर्षे थांबावे लागले.

दरम्यान युरोपात याच रोगाचा दुसरा धागा हाती लागला होता, आणि तोही दुसरेच काही शोधताना. कोपनहेगनला ग्रीनलँडहून क्रायोलाइट नावाचे खनिज येई आणि तिथल्या कारखान्यात दळले जाई. क्रायोलाइटमध्ये फ्लोरीन भरपूर. मोलर आणि गुद्योनसन हे दोघे डॉक्टर त्या कामगारांच्या फुफ्फुसांत धूळ बसली आहे का ते एक्स-रे काढून पाहत होते. फुफ्फुसांऐवजी त्यांची नजर अडली ती हाडांवर, कारण हाडे प्रमाणाबाहेर पांढरी, दाट दिसत होती आणि अस्थिबंधांतही हाड धरले होते. १९३२ साली त्यांनी हे छापले. मग काय रोहोम या तरुण डॅनिश डॉक्टरने अशा ६८ कामगारांची बारकाईने तपासणी केली आणि १९३७ साली फ्लोरीनच्या विषबाधेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तिकडे अमेरिकेत कोलोरॅडोतले डाग पडलेले दात हे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे, हे १९३१ साली स्पष्ट झाले होते. दात आणि हाड या दोन्ही वाटा एकाच मूलद्रव्याशी येऊन मिळत होत्या. आता हे सगळे एका गावात, साध्या विहिरीच्या पाण्याने घडते असे कुणीतरी दाखवायचे बाकी होते.

ते मद्रासजवळच्या गिंडी इथल्या किंग इन्स्टिट्यूटने दाखवले. संस्थेचे संचालक तेव्हा एच. ई. शॉर्ट होते. पुढे १९४८ साली मलेरियाचा जंतू रक्तात येण्याआधी यकृतात वाढतो हे गार्नहॅम यांच्याबरोबर सिद्ध करणारे शॉर्ट ते हेच. त्यांच्याबरोबर मद्रासचे फिजिशियन मॅकरॉबर्ट होते, एक्स-रेतज्ज्ञ बर्नार्ड होते, पाण्याचे पृथक्करण करणारे राघवाचारी होते आणि चिंतामण गोविंद पंडित होते. हे शेवटचे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. पंडित पुढे त्याच किंग इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, १९४८पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आजच्या आयसीएमआरचे, पहिले संचालक झाले, आणि पुण्यातली विषाणू संशोधन संस्था उभी राहिली तेव्हाही त्यामागे त्यांचा हात होता. करोनाच्या दिवसांत आपण ज्या पुण्याच्या संस्थेच्या अहवालाकडे डोळे लावून बसायचो तीच ही. पण फ्लोराइडवरच्या त्यांच्या कामाचे नाव मराठीत कुणी काढलेले मला आठवत नाही.

नेल्लोर जिल्ह्यातले दर्शी, कनिगिरी आणि पोदिली हे तालुके पुढे प्रकाशम जिल्ह्यात गेले. तिथल्या गावांत या मंडळींना जे दिसले ते १९३७ साली दोन लेखांतून बाहेर आले. लहान मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, मोठेपणी तेच दात पिवळे-तपकिरी. तिशी-चाळिशीत हातापायांना मुंग्या, कंबर दुखणे, मग पाठ कडक होणे. वर्षे सरतील तसा कणा आणि बरगड्या एकमेकांत जखडलेल्या, आणि शेवटी खाटेला खिळलेला माणूस. बर्नार्डच्या एक्स-रेत मणक्यांना हाडाचे काटे फुटलेले होते, अस्थिबंध पांढरे पडले होते. या ताठ पाठीला इंग्रजीत चूल ढोसायच्या लोखंडी सळईची उपमा दिली गेली आणि ती वैद्यकाच्या पुस्तकांत चिकटून बसली.

यातली एक खूण मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती तपासायला यंत्र लागत नाही. फ्लोराइडचे डाग दातांवर पडतात ते दात हिरडीत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी दातांवर तसा डाग पडत नाही, हाडात मात्र ते साठतच राहते. म्हणजे गावातच जन्मलेल्या माणसाचे दात आणि पाठ दोन्ही साक्ष देतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात माहेरच्या पाण्याचे, पण पाठ सासरच्या पाण्याची. चांगले दात असलेली बाई पाठ धरून बसली की 'हिला फ्लोराइडचे काही नाही' असे म्हणणारा तिच्या माहेरचे गाव विचारायला विसरलेला असतो.

१९४० साली पंडित, राघवाचारी, राव आणि कृष्णमूर्ती यांनी पुढचा प्रश्न घेतला. सारखेच फ्लोराइड असलेल्या दोन गावांपैकी एकात माणसे लुळी पडतात आणि दुसऱ्यात नाहीत, असे का? त्यांचे बोट आहाराकडे गेले, विशेषतः क जीवनसत्त्वाच्या तुटवड्याकडे. पुढे कॅल्शियमचा मुद्दाही याच ओळीत आला. जेवणात दूध, भाजी, फळ नसेल तर तेच पाणी जास्त घात करते. पाणी सगळ्या गावाला एकच, पण त्याची किंमत ताटावर ठरते. माझ्या दृष्टीने १९४०चा तो लेख १९३७च्या शोधाइतकाच मोठा आहे. १९३७ने गुन्हेगार दाखवला, १९४०ने तो कुणाला गाठतो ते दाखवले.

यामागचे रसायन साधे आहे. हाडाचा खनिज भाग ज्या स्फटिकाचा असतो त्यातल्या एका घटकाची जागा फ्लोराइड पटकावते. स्फटिक अधिक टणक होतो, विरघळायला कठीण. शिवाय फ्लोराइड हाड घडवणाऱ्या पेशींना चेतवते आणि त्या नको तिथेही हाड घालू लागतात. निरोगी प्रौढाच्या शरीरात शिरलेल्या फ्लोराइडपैकी जवळपास निम्मे लघवीवाटे जाते, उरलेले हाडांत मुक्काम करते. मूत्रपिंड अधू असेल तर मुक्काम वाढतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात माणूस तांब्यावर तांब्या रिचवतो, तेव्हा लिटरमागच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो दिवसाला किती लिटर हा आकडा. थंड देशात ठरवलेली सुरक्षित मर्यादा वैशाखातल्या वऱ्हाडी शेतमजुराला जशीच्या तशी लावता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर नकाशा भरत गेला. १९५५ साली ए. एच. सिद्दिकी यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नलगोंडा जिल्ह्यातले रुग्ण मांडले. मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता. १९६१ आणि १९६३ साली पतियाळाच्या सिंग आणि जॉली यांनी पंजाबातल्या रुग्णांत मज्जारज्जू चेपला जाऊन पाय कसे जातात ते सविस्तर दाखवले. १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी मुलांच्या गुडघ्यांना गुडघे घासणाऱ्या पायांची नोंद केली. एवढे झाले तरी नलगोंडा हे दूरचे नाव होते. ते आपल्या दारात कसे आले त्याची गोष्ट दुष्काळापासून सुरू होते.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सुकडी, खडी फोडणे आणि कोरड्या विहिरी आठवतात. त्या काळात पाण्यासाठी सरकारने कठीण खडक फोडणारी यंत्रे गावोगाव नेली, युनिसेफची मदत त्यामागे होती. खोल बोअर, त्यावर हातपंप. पण ओतीव लोखंडाचे जुने हातपंप घरगुती वापरासाठी बनलेले, गावाच्या माऱ्यापुढे ते टिकेनात. त्यावर तोड निघाली ती महाराष्ट्रात. जालन्याच्या मिशनरी मंडळींनी आणि पाठोपाठ सोलापूरच्या कारागिरांनी पोलादी पंप घडवले. त्या जालना आणि सोलापूर पंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क २' तयार झाला. आपण ज्याला हापशी म्हणतो ती हीच. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही ती दिसते.

हापशीने फार मोठे पुण्य केले, यात शंका नको. उघड्या विहिरीतून आणि पायऱ्यांच्या बारवेतून येणारा पटकी आणि नारू तिने रोखला. नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २०००मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला, त्यात झाकलेल्या पाण्याचा वाटा मोठा. पण उथळ विहिरीचे पाणी पावसाचे, ताजे असते. खोल बोअरचे पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले असते. ज्या खडकात फ्लोराइडचे खनिज आहे तिथे ते पाणी ते विरघळवत राहते. पाण्यात कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर आणखीच. जंतूंसाठी स्वच्छ असलेले पाणी हाडांसाठी स्वच्छ असेलच असे नाही, हा हिशोब त्या घाईत कुणी मांडला नाही. मांडायला हवा होता, कारण १९३७चा लेख तेव्हा पस्तीस वर्षांचा झाला होता. दुष्काळात पाण्याचा थेंब शोधणाऱ्या इंजिनिअरला मी दोष देणार नाही. पण दुष्काळ सरल्यावर त्याच बोअरच्या पाण्याचा नमुना तपासायला कित्येक ठिकाणी दशके लागली, तो दोष मात्र आहेच.

आणि इथे गोष्ट नागपूरला येते. १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था सुरू झाली होती, १९७४मध्ये तिचे नाव नीरी झाले. तिथल्या नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू या शास्त्रज्ञांनी १९७५ साली फ्लोराइड काढायची एक पद्धत मांडली. तिला नलगोंडाचे नाव मिळाले, पण तिची आई नागपूर. पद्धतीत दोनच मुख्य जिन्नस होते, तुरटी आणि चुना, जोडीला जंतूंसाठी ब्लिचिंग पावडर. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. नागपूरच्या मंडळींनी तीच तुरटी कितीतरी मोठ्या मात्रेत, लिटरला कित्येकशे मिलिग्रॅम, वापरली. आधी चुना, तुरटीच्या साधारण विसाव्या भागाइतका, मग तुरटीचे पाणी. थोडा वेळ जोरात ढवळायचे, नंतर हळूहळू, म्हणजे पाण्यात कापसासारखे पुंजके बनतात. फ्लोराइड त्या पुंजक्यांना धरून तळाशी बसते. तासाभराने वरचे निवळ पाणी तोटीने काढून घ्यायचे, आणि तळाचा गाळ गुरे तोंड लावणार नाहीत अशा जागी टाकायचा.

वीज नको, परदेशी यंत्र नको, बाजारात मिळणारे पदार्थ, बादलीत करता येणारी क्रिया. टांझानिया आणि इथिओपियापर्यंत ही पद्धत गेली. कागदावर तिच्यात खोट काढणे अवघड आहे. प्रत्यक्षात तिच्या मार्गात तीन गोष्टी आडव्या आल्या. तुरटीची मात्रा फ्लोराइडवर आणि पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते, म्हणजे प्रत्येक हापशीसाठी वेगळी, आणि ऋतूनुसारही बदलणारी. मात्रा चुकली तर फ्लोराइड राहते किंवा पाण्यात ॲल्युमिनियम उतरते. आणि हे सगळे रोज करायचे कुणी? जी बाई पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते आणि निंदणाला जाते तिनेच. जिच्या पाठीसाठी हा खटाटोप, तिलाच रोज पाठ वाकवून बादली ढवळायला सांगणारी ही योजना होती. पद्धत हुशार होती, पण ती घरातल्या कामाचा विचार करून आखलेली नव्हती. गावपातळीवरची संयंत्रे बसली तिथेही तुरटी संपली की महिनोन् महिने ती बंद पडत. या साऱ्या अनुभवातून एकच गोष्ट टिकून राहिली: जिथे नदीचे किंवा धरणाचे पाणी नळाने आणता आले तिथे रोग थांबला, जिथे वाईट पाणीच शुद्ध करत बसले तिथे तो रेंगाळला.

१९८६ साली केंद्राने पेयजल अभियान सुरू केले. त्याच्या उपशाखांत नारू, फ्लोराइड आणि खारे पाणी हे तीनही विषय होते. २००८-०९मध्ये फ्लोरोसिससाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. विदर्भात फ्लोराइडचा ठळक माग लागला तो पांढरकवडा भागात. २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या भूजलात फ्लोराइड लिटरला ०.३ पासून थेट १३ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर १.५. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३ ते ६ मिलिग्रॅमला हाडांत बदल दिसू लागतात आणि १०च्या वर माणूस अपंग होण्याचा धोका. म्हणजे पांढरकवड्याजवळच्या काही विहिरी १९३७च्या नेल्लोरच्या पंक्तीतल्या आहेत. आणि त्याच परिसरात काही विहिरी निर्धोक आहेत, हेही तितकेच खरे. फ्लोराइड तालुक्यागणिक नसते, हापशीगणिक असते. चंद्रपूर आणि किनवटच्या बाजूलाही जुने खडक आहेत आणि तिथेही हा त्रास नोंदला गेला आहे.

नांदगाव पेठ बेसॉल्टवर आहे आणि बेसॉल्टच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. सहसा, नेहमी नव्हे. पश्चिमेचा खारपाणपट्टा हा वेगळाच पेच. तिथले मुख्य दुखणे क्षारांचे, तोंडात घेतले की कळणारे. तिथे मूत्रपिंडाचे विकार लोकांना घराघरात ठाऊक आहेत. पण तिथले भूजल सोडियमचे, आणि फ्लोराइडला असेच पाणी मानवते. त्यात मूत्रपिंड थकलेले. एवढी दोन कारणे फ्लोराइड मोजायला पुरेशी आहेत. खाऱ्या पाण्यावर अमरावती-अकोल्याने जो उपाय केला तो नलगोंडाच्या धड्याला धरूनच आहे. शहानूर आणि वान या सातपुड्यातल्या धरणांचे पाणी खाली आणायचे. अकोल्याची 'चौऱ्याऐंशी खेडी' योजना त्यातलीच. अमरावती शहर सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी पिते. अडचण होते ती नळ चार-आठ दिवस येत नाही तेव्हा. मग माणूस पुन्हा हापशीकडे वळतो, आणि पाण्याला फ्लोराइडची चव नसते.

आता ती राहिलेली दुसरी उत्तरे. कण्याच्या अस्थिबंधांत हाड धरण्याला फ्लोराइड हे एकच कारण नाही आणि प्रत्येक ताठ पाठ पाण्यावर ढकलणे हाही अन्याय आहे. तरुण वयात, पहाटे झोपेतून उठताना पाठ कडक वाटते आणि हालचालीने सुटते, ते बहुधा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी त्याचे नाते १९७३ साली उलगडले. वेळीच ओळखले तर त्यावर आज चांगली औषधे आहेत. उतारवयात, अनेकदा मधुमेहाच्या सोबतीने, कण्याच्या पुढच्या पट्टीत मेणबत्तीच्या ओघळांसारखे हाड साचते, त्याचे वर्णन फ्रान्सच्या फोरेस्तिए यांनी १९५० साली केले. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीत तेच असावे असे २०१४च्या सीटी स्कॅनवरून दिसले. मणक्यांच्या मागच्या पट्टीतले हाड हा जपानचा खास विषय. १९६० साली त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनात ते दाखवले, १९७५मध्ये जपान सरकारने त्यासाठी समितीच नेमली, आणि मानेच्या कमानी दाराप्रमाणे उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया तिथल्याच शल्यविशारदांनी रुळवली. मुंबईच्या केईएममध्ये काम केलेले डॉ. अतुल गोयल यांनी हाडालाच मूळ मानणाऱ्या मताला छेद दिला. हाड हे मूळ नसून मणक्यांच्या अस्थिरतेवरची शरीराची प्रतिक्रिया आहे, तेव्हा हाड काढण्याऐवजी मणके स्थिर करा, असे ते मांडतात. वाद अजून मिटलेला नाही.

फ्लोराइडचा कणा शस्त्रक्रियेलाही सोपा जात नाही. हाड इतके टणक असते की खणताना मज्जारज्जू दुखावण्याची भीती राहते. एकदा साचलेले फ्लोराइड चांगल्या पाण्याने वर्षानुवर्षांत थोडेथोडे उतरते, पण जखडलेला कणा मोकळा होत नाही. म्हणूनच निदान लवकर व्हायला हवे आणि ते करायला सीटी स्कॅनची वाट पाहावी लागत नाही. एक, गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्यांना हात लागतात का? दोन, हनुवटी छातीला टेकते का? तीन, दोन्ही हात मानेमागे एकमेकांत गुंफता येतात का? तिन्हीत अडखळणारी दोन-चार माणसे एकाच आळीत असतील तर त्या आळीच्या हापशीकडे बोट जायला हवे. त्यानंतर पाठीचाच नव्हे, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचाही एक्स-रे काढायला सांगा. हातातल्या दोन हाडांच्या मध्ये पडदा असतो. फ्लोरोसिसमध्ये त्या पडद्यात हाड धरते आणि हाडाची कड करवतीच्या दातांसारखी दिसते. फ्लोरोसिसची ही खूण पक्की मानली जाते, आणि साध्या एक्स-रेवर ती दिसते.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी पाठ असेल, त्यांना एवढेच सांगणे. डॉक्टरकडे जाताना आपण कुठल्या गावात, किती वर्षे, कोणत्या विहिरीचे किंवा हापशीचे पाणी प्यालो ते एका कागदावर लिहून न्या, माहेरचे गावही लिहा. आणि एक लिटर पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, आधी त्याच पाण्याने बाटली दोनदा विसळून, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नका. एक नमुना उन्हाळ्यात, एक पावसाळ्यानंतर. अहवालात आकडा १.५च्या वर आला तर त्या हापशीचे पाणी धुण्या-भांड्यांना ठेवा, पिण्या-रांधण्याला नको. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.